डोमकावळा हे नाव

कमांडर बोरिस्लावने पेटीतून एक कापडी पट्टी काढली आणि देम्यानच्या छातीवर चिकटवली. पट्टीवर एकच शब्द होता. डोमकावळा.

‘‘आजपासून हे नाव तुझं,’’ तो म्हणाला. ‘‘आधीचा डोमकावळा ऑक्टोबरातच मेला. आपण बाहेर बोललो नाही, इतकंच. नाव दुसऱ्याला द्यायचं. फुटीरांना वाटलं पाहिजे, हा साला मरतच नाही.’’

सगळे हसले. देम्यानच्या पायाखालची जमीन सरकली.

पूर्व युक्रेनच्या दोनबासमधल्या या स्वयंसेवक पलटणीत तो एकाच माणसाला मारायला शिरला होता. गेल्या उन्हाळ्यात पलटणीच्या नाक्यावर त्याच्या थोरल्या भावाच्या, येव्हेनच्या मोबाइलमध्ये रशियाच्या बाजूच्या फुटीरांच्या झेंड्याचा फोटो सापडला. फक्त डोळे दिसतील अशी काळी माकडटोपी घातलेल्या एकाने त्याला तिथल्या तिथे गोळी घातली. म्हातारा बाप, पनास, ट्रॅक्टरवरून बघत होता. त्याला चेहरा दिसला नाही. छातीवरचं नाव तेवढं वाचता आलं, डोमकावळा.

पलटणीत खरं नाव कोणी विचारत नसे. आपलं रक्त शुद्ध आहे, एवढं छाती ठोकून सांगितलं की भागायचं. देम्यानने तेही सांगितलं. मानेवर काळा सूर्य, नाझींचं ते चिन्ह, गोंदवून घेतला, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. डोमकावळा कुठे असतो, विचारलं की बाकीचे डोळे मिचकावायचे. असे आठ महिने गेले. आणि तो मेला होता, देम्यान इथे यायच्याही आधी. मेलेल्याला मारणार कसं? देम्यान संतापाने नुसता जळत होता.

त्या रात्री दारूची बैठक झाली. मेलेल्यांच्या नावाचा तिसरा पेला उभं राहून, न बोलता प्यायचा असतो. तोही त्याला भावाच्या मारेकऱ्यासाठी प्यावा लागला. उद्याची नाक्यावरची पाळी संपली की पळायचं, असं त्याने ठरवलं.

सकाळी माकडटोपी चढवून तो नाक्यावर उभा राहिला. आठच्या सुमाराला एक ट्रॅक्टर आला. वर पनास बसला होता.

धाकटा पोलंडला स्ट्रॉबेरी तोडायला गेलाय, असं म्हाताऱ्याला वाटत होतं. भाऊ मातीत गेला आणि हा पैशामागे पळाला, म्हणून त्याने मुलाशी बोलणं टाकलं होतं. बदला घेऊनच घरी जाऊ, मग सगळं सांगू, या आशेवर देम्यानने ते सोसलं होतं.

पनासची नजर त्याच्या छातीवर थांबली. तो सावकाश खाली उतरला. पोत्याखालून त्याने शिकारीची बंदूक ओढली.

देम्यानचा हात टोपी काढायला वर गेला. तो शस्त्र उचलतोय असं म्हाताऱ्याला वाटलं. त्याने दोन्ही नळ्या झाडल्या.

तिघांनी धावत येऊन पनासला खाली पाडलं. तो झटापट करत नव्हता. वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू होतं.

‘‘माझं काय करायचं ते करा,’’ तो म्हणाला. ‘‘फक्त माझ्या धाकट्याला पोलंडला निरोप धाडा. म्हणावं, दादाचा बदला घेतला. आता खुशाल घरी ये.’’