वरच्या रानाची माती

"माझं रान हिरवं रंगवताय होय? मग मी काय तिथे जाऊन चरू?"

शाळेच्या वर्गात जमलेली मंडळी खो खो हसली. विचारणारा थोरला मात्र हसला नाही. चार बाकं जोडून त्यावर माती अडवायच्या योजनेचा नकाशा पसरला होता. टेकडीचं पाणी ओढ्याला मिळेपर्यंत ज्या ज्या रानांतून उतरतं, ती झाडून सगळी रानं त्यात होती. पिवळं तिथे नांगर, हिरवं तिथे फक्त गवत आणि झाडं. माथ्याखालची थोरल्याची पट्टी तेवढी अर्धीच रंगवून राहिली होती. बाकी सगळ्यांच्या सह्या कधीच झाल्या होत्या.

"काका, तिथला उतार फार उभा आहे," नकाशावाल्या बाई म्हणाल्या. "नांगरलं की माती सुटते. वरूनच लोंढा आला तर खालचे बांध किती टिकतील?"

"चाळीस वर्षं नांगरतोय मी. तुम्ही काल आलात."

थोरल्याच्या शब्दाला गावात मान होता, आणि रागाला त्याहून जास्त. तो उठलाच. पोटातलं त्याचं त्यालाच ठाऊक. यंदा फाळ तीन ठिकाणी खडकावर खणखणला होता. पण तेवढंच एक रान. तेही सोडलं तर पेरायचं कुठे?

"दादा, बस जरा."

मागच्या बाकावरून त्याचा धाकटा भाऊ बोलला. त्याचं रान ओढ्याकाठी, सगळ्यांत खाली. पीक असं, की लोक वाट वाकडी करून बघायला यायचे.

"माझ्या बांधावर बाबांनी दगड रोवले, ते तेव्हा माझ्या कमरेला लागायचे. आता गुडघ्याला लागतात."

"मग तू वाढलास."

"मी नाही, जमीन वाढली. दादा, ती सगळी तुझी माती आहे. वाटण्या झाल्यापासून वीस वर्षं तुझं रान माझ्याकडे वाहून येतंय आणि मी गुपचूप खातोय. लोक म्हणतात, याच्या हाताला यश आहे. देवासमोर हात जोडायची लाज वाटते मला."

धाकटा पुढे आला आणि नकाशावरच्या आपल्या पिवळ्या रानावर त्याने बोट ठेवलं.

"खालचं अर्धं रान तू पेर. हे उपकार नाहीत. माती तुझीच, फक्त मुक्कामाला माझ्याकडे आली."

थोरला त्याच्याकडे वळला. "वीस वर्षं लागली तोंड उघडायला?"

"तुझ्यापुढे? लवकरच उघडलं म्हण."

थोरला खाली बसला. बाईंच्या हातातली हिरवी पेन्सिल त्याने मागून घेतली आणि राहिलेली पट्टी स्वतःच रंगवायला घेतली. माथ्याकडून खाली, एकेक सरळ रेघ.

धाकटा नकाशावर वाकला. "आडवं ओढ दादा, आडवं! नाहीतर कागदावरूनही माती वाहायची."

थोरल्याचा हात थांबला. मग शेताच्या टोकाला नांगर वळवावा, तशी त्याने सावकाश पेन्सिल वळवली.