वीस वॅटचा कर्णा

मानसिंगच्या धाकट्या मुलीचं बारसं झालं त्याच आठवड्यात, १९७३ च्या मार्चात, तो सांगलीला कुतुबुद्दीन मिस्त्रीच्या दुकानात उभा राहून शंभराच्या आकड्याकडं बघत होता. आकडा अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर होता. लाल आणि ठसठशीत. शेजारच्या पेटीवर नुसता वीस होता, तोही काळा.

“शंभराचा द्या, मिस्त्री. गाडीवर बसवायचाय. लांब ऐकू गेलं पायजे.”

कुतुबुद्दीननं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “फौजी, लष्करात अक्षरं शिकलास न्हवं? मग आकड्याखालची बारीक वळ बी वाच.”

मानसिंगनं एकेक अक्षर जुळवलं. शंभर वॅट फक्त क्षणभर होते. सतत चालवायचं तर अठरा.

“पैलवानानं एकदा दगड उचलला, त्यो ह्यो शंभर,” मिस्त्री म्हणाला. “दिसभर नांगर धरायचा आकडा बारीक अक्षरात असतोय. ह्यो काळा वीसवाला सकाळी लाव, सांजपातूर चालंल. आन् वॅट दुप्पट केलं म्हणून आवाज दुप्पट लांब जात न्हाई, गड्या. लांब न्हेतोय त्यो कर्णा. चांगला मोठ्या तोंडाचा घे, वीस वॅट झेपणारा. दिसभर देता येतं तीच खरी ताकद. वरचा समदा रंग.”

मानसिंग वीसवाला आणि मोठ्या तोंडाचा कर्णा घेऊन बाहेर पडला. पण शंभराचा आकडा त्याच्या मनातून जाईना.

त्याला हा कर्णा हवा होता तो राहीबाईसाठी. मानसिंग जत तालुक्यात पाण्याचा टँकर चालवायचा. गावाबाहेरच्या कोरड्या विहिरीत तो पाणी सोडायचा आणि गावातल्या बायका तासाभरात विहीर खरवडून काढायच्या. राहीबाईची वस्ती लांब, टेकाच्या माथ्यावर. ती यायची ती सगळं संपल्यावर. रोज. धापा टाकत, घामानं भिजलेली. बायका हसायच्या. “म्हातारी दिसली की समजायचं, इहीर आटली.” मानसिंगला वाटायचं, थकली बिचारी, पाय उचलत नाहीत. एकदा त्यानं तिला आपल्या पिण्याच्या पाण्याची बाटली दिली. ती तिनं घेतली नाही. म्हणाली, “त्यापरास यायच्या आदी एक हाक मार, बाबा. टेकावर ऐकू यील अशी.”

दुसऱ्या दिवशी मानसिंगनं विहिरीच्या अलीकडं मैलभर, वळणावर गाडी थांबवली. बॅटरीची तार जोडली. माईक तोंडापुढं धरला आणि पुकारलं.

“पाण्याची गाडी आली हो!”

आवाज माळावरून गेला. टेकाला लागून परत आला. मानसिंगच्या अंगावर काटा आला. आपलाच आवाज एवढा लांब गेलेला त्यानं कधी ऐकला नव्हता. मग सगळं गप्प झालं. त्यानं आणखी चार वेळा पुकारलं आणि गाडी सावकाश विहिरीकडं घेतली.

तो पोचला तेव्हा टेकाच्या माथ्यावर एक ठिपका हलत होता. राहीबाई. तिच्यामागं दुसरा ठिपका आला. मग दहा. मग टेकाची सगळी कड काळी झाली. जिथं दोन महिन्यांत कधी धूर दिसला नव्हता त्या उतारावरून माणसं खाली येत होती. बायकांच्या डोक्यावर हंडे होते. धनगर बाप्ये खांद्यावर कोकरं घेऊन चालत होते. कुणी मराठीत बोलत होतं, कुणी कानडीत. टेकापलीकडच्या खोलगटात पाच वस्त्या होत्या. त्या सरकारी कागदावर नव्हत्या, मानसिंगलाही ठाऊक नव्हत्या. गावातल्या बायका हंडे तसेच धरून बघत राहिल्या. कुणी हसलं नाही.

मानसिंगनं वळून आपल्या टँकरकडं पाहिलं. टाकीवर रंगवलं होतं पाच हजार लिटर. उन्हाळ्यात भरायच्या जागी तीनच हजार मिळत होतं. त्याला मिस्त्रीची बारीक ओळ आठवली. आपण हाक मारून बसलो. आता एवढ्यांना द्यायचं काय?

गर्दीतला धुळा नावाचा म्हातारा धनगर पुढं आला. त्यानं टाकीवर काठी वाजवून बघितली. कुठवर पाणी आहे ते त्याला आवाजावरनं कळलं.

“हंडं बाजूला ठिवा,” तो ओरडला. “घराला एक कळशी. गावच्यास्नी बी आन् आमास्नी बी.”

कुणी ढकललं नाही. माणसं आपसूक रांगेत उभी राहिली. मानसिंगनं पाणी विहिरीत सोडलंच नाही, टाकीचाच नळ उघडला. उरलेल्यांसाठी दुसरी खेप आणायची, कुणाला विचारायचं नाही, हे त्यानं तिथंच ठरवलं.

रांगेत सगळ्यात पुढं राहीबाई होती. आज तिला धाप लागलेली नव्हती. लुगडं कोरडं होतं.

“आज लवकर आलासा, मावशी,” मानसिंग म्हणाला.

“तर काय!” राहीबाईनं कळशी नळाखाली धरली. “रोज गाडीचा धुरळा दिसला की आदी टेकामागं पळायचं, पाची वस्त्यांवर हाका मारायच्या, मग हिकडं यायचं. ती माणसं टेक चढून यीस्तवर तू गेल्याला असायचास. आज मागं जावं लागलंच न्हाई.”

मानसिंगच्या हातातला नळ तसाच राहिला. कळशी भरून वाहायला लागली तेव्हा धुळानंच तो बंद केला.

राहीबाई १९७८ च्या चैत्रात वारली. मानसिंगनं वळणावर गाडी उभी केली आणि ती गेल्याचं त्याच कर्ण्यावरून टेकापलीकडच्या पाची वस्त्यांना सांगितलं.