पुस्तकाचं बारसं

बू वागिरानं हात तीनदा धुतले, नेसूच्या कापडाला पुसले, आणि मगच पुस्तकाला हात लावला.

कोटागेदेचा बाजार नुसता उसळला होता. आज लेगी, पाच दिवसांनी येणारा मोठा बाजार. गर्दी तशीही मरणाची, त्यात बू रेत्नोचं, म्हणजे रेत्नोबाईंचं, बाजारातल्या खाण्यांवरचं पुस्तक छापून आलेलं. दोन वर्षं ही बाई वही घेऊन येत होती, वागिराचे चिकट तांदळाचे लुपिस खात होती आणि विचारत होती. पान कसं दुमडता, किती वेळ उकडता, गूळ कधी उतरवता. वागिरानं सगळं सांगितलं. तिच्या आईनं मारून शिकवलं होतं, तिनं हसून सांगितलं.

"उघड की गं! तुझं नाव बघू दे," शेजारची भजीवाली सुपार्ती अर्धी आत वाकली. मागे तिची टेम्पेची, आंबवलेल्या सोयाबीनची, भजी करपत होती. करपू देत.

वागिराला वाचता येत नव्हतं. स्वतःचं नाव तेवढं ती ओळखायची, बाजाराच्या परवान्यावर रोज दिसायचं म्हणून.

पान चाळीसवर तिचे हात होते. पानभर. ताणलेला दोरा, दोऱ्याखाली कापला जाणारा लुपिस, अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग. सगळा गाळा ओरडला. "हात बघा, हात! सिनेमावाली झाली ही!"

"खाली काय लिहिलंय?" वागिराला हसू आवरेना.

सुपार्तीनं वाचलं, "परंपरेचे हात."

"आणि पुढं?"

"पुढं कृती."

मग सुपार्ती पुढून मागे आणि मागून पुढे पानं उलटत सुटली. शेवटी आभार सापडले. नवऱ्याचे, छापणाऱ्याचे, फोटोवाल्याचे, आणि लिहिताना मांडीवर बसणाऱ्या मांजराचे. मांजराला नाव होतं.

"परंपरा म्हणे!" सुपार्ती फिस्कारली. "पहाटे तीनला उठून चूल परंपरा पेटवते होय?"

पुस्तक घेऊन आलेली बू रेत्नो शेजारीच उभी होती, तिचा चेहरा उतरला. वाईट बाई नव्हती ती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. "जागाच उरली नाही हो, बू. पुढच्या आवृत्तीत नक्की घालू. आता चला तर खरं. अकराला हॉटेलात प्रकाशन आहे, पाहुण्यांसमोर लुपिस तुम्हीच कापायचेत. गाडी बाहेर उभी आहे."

"गाडीत काय आहे?"

"पुस्तकं. साठ."

वागिरानं टोपल्यावर झाकण ठेवलं. दीडशे लुपिस झाकणाखाली गेले. आपल्याला राग येईल, रडू येईल, असं तिला वाटलं होतं. दोन्ही आलं नाही.

"मुर्जिला!" ती समोरच्या खीरवालीला ओरडली. "लाल-पांढरी वाढ!"

मुर्जिलाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. केळीच्या पानावर एका बाजूला तांदळाची पांढरी खीर, दुसऱ्या बाजूला माडाच्या गुळानं लाल झालेली. पोराचं नाव ठेवताना हीच खीर. आणि ठेवलेलं नाव मानवेना, पोर सारखं आजारी पडायला लागलं, की नाव बदलतानाही हीच. चार शेजाऱ्यांनी चाखली की नाव पक्कं. मग ते सुलतानालाही पुसता येत नाही.

वागिरानं ते पान पुस्तकाशेजारी ठेवलं. "तुमचं पोर आजारी आहे, बू रेत्नो. बारसं आत्ताच उरकून टाकू. साठही आणा."

"साठही? अहो, नऊ वाजले!"

"मग हात चालवा."

बाजार खदखदून हसला. कुणीतरी गाडीतली खोकी आणलीसुद्धा. रेत्नोनं घड्याळ बघितलं, टोपल्यावरचं झाकण बघितलं, आणि गुडघे हनुवटीला लावून बुटक्या स्टुलावर बसली. खीर चाखली. पेन काढलं. पान चाळीस, वागिरा. दुसरं पुस्तक, वागिरा. गोल झाल्यावर ओरडावं तसे लोक दर नावाला ओरडत होते.

"बासष्टवर माझी कढई आहे!" सुपार्ती मध्येच किंचाळली. "कान मोडलेली. माझीच ती!"

"लिहा, सुपार्ती," वागिरानं फर्मावलं.

"आणि एकाहत्तरवर माझी पातेली!"

"लिहा, मुर्जिला."

बघता बघता रांग लागली. कुणाची टोपली छापलेली, कुणाची छत्री, कुणाची नुसती पाठ. वागिरा रांगेच्या तोंडाशी उभी राहून एकेकाचं नाव सांगत होती, खीर चाखवत होती, पुढे ढकलत होती. तिचा आवाज चढला होता. आयुष्यात इतका कधी चढला नव्हता.

"पान अठ्ठ्याऐंशी," रेत्नो म्हणाली. आता तिलाही चेव आला होता, बोटं शाईनं माखली होती. "खांद्यावरची कावड आणि मडकं. हे कुणाचं?"

रांगेतून दावेतवाला म्हातारा पुढे आला. दावेत म्हणजे नारळाच्या दुधातल्या हिरव्या शेवया, वर गुळाचं पाणी. सत्तावीस वर्षं वागिरा रोज दुपारी त्याच्याकडून पेलाभर घेत होती. "ए दावेत!" अशी हाक मारली की तो थांबायचा. सगळेच तशी मारायचे.

"यांचं लिहा," वागिरा ठसक्यात म्हणाली. "हे..."

त्याचं नाव तिला ठाऊकच नव्हतं. तिनं सुपार्तीकडे बघितलं. सुपार्तीनं मुर्जिलाकडे.

म्हाताऱ्यानं कावड खाली टेकवली. वागिरानं पानावरची उरलेली खीर दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा. आम्हालाही ऐकू दे."