दहाव्याचा खोळंबा

पटलं तर घ्या, पण मी स्वतः तिथं होतो. विष्णुपुरीजवळ गोदावरीच्या काठी शेषेरावाचा दहावा होता आणि कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. समोरच्या बाभळीवर बसून नुसता बघून राहिला होता.

थोरल्या वैजनाथानं हात जोडले. "बापू, वावराची वाटणी करणार न्हाई आम्ही." कावळा ढिम्म. धाकटा दयानंद पुढं झाला. "बापू, देवणी बैलजोडी इकत न्हाई मी." कावळ्यानं चोचीनं पंख खाजवला, बस्स. दोन घंटे झाले, ऊन डोक्यावर आलं. शेवटी गुरुजी दर्भाचाच कावळा करायला बसले, तसा वैजनाथ रडकुंडीला आला. बापाचा जीव असाच अडकून राहिला तर?

आणि पोरांची आई, चतुराबाई, पायरीवर बसून शेषेरावानं माळेगावच्या जत्रेतून आणलेला विटांचा व्हिडिओ गेम खेळत होती. टुंग टुंग आवाज सगळ्या घाटावर.

"आये, लोक बघून राहिलेत. बंद कर की ते!"

"मग काय मी बी तुमच्यावानी झाडाकडं तोंड करून बसू?"

एवढं बोलून तिनं मान वर केली. कावळा टक लावून तिच्याच हाताकडं बघत होता. म्हातारीचा अंगठा जागीच थांबला.

"अवो, कळलं!" तिनं गेम बंद करून कमरेला खोचला. "तुमचा रेकॉर्ड न्हाई मोडत मी. या खाली."

शब्द खाली पडायच्या आत कावळा पिंडावर होता.