चार खांब

एलासाने म्हाताऱ्याचे केस धरून मान मागे खेचली आणि सुरी गळ्याला लावली. म्हाताऱ्याची नजर टाकसाळीच्या भिंतीवर गेली. तिथे कोळशाने मंदिर काढलेलं होतं.

"खांब सहा नव्हते," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चार होते."

"थांब, एलासा!" ऐरणीजवळून अजऱ्या ओरडला.

म्हातारा एकेकाळचा रोमी शिपाई. आम्हा यहुद्यांच्याच हिसकावलेल्या जमिनीवर साठ वर्षं द्राक्षं पिकवून आमची भाषा शिकलेला. त्याचे दोन्ही मुलगे एलासाच्या बंडखोरांनी सकाळीच कापले होते.

रोमी नाण्यावरचं बादशहाचं तोंड ठेचायचं आणि त्यावर यरुशलेमचं मंदिर उठवायचं, हे अजऱ्याचं काम. तोंड ठेचणं सोपं होतं. मंदिर रोमी फौजेने जाळून साठ वर्षं झालेली. पाहिलेले मेले, ऐकीव गोष्टींवर भांडणारे तेवढे उरले. अजऱ्याचे आजोबा तिथले याजक. त्या दिवशी गेले ते परतलेच नाहीत. निदान नाण्यावर तरी मंदिर खरं उमटावं, एवढाच त्याला ध्यास होता.

"बोल, थेरड्या," एलासा म्हणाला. "खरं सांगितलंस तर मी तुला मारणार नाही. शब्द देतो."

म्हातारा सांगत गेला, अजऱ्या ठशात कोरत गेला. चार खांब. मधे उंच दार. अजऱ्याचे डोळे भरून आले. पण जीव वाचवायच्या घाईत म्हातारा एक गोष्ट जास्त बोलून गेला.

"दाराच्या आत सोन्याचं मेज. त्यावर भाकऱ्या."

अजऱ्याची छिन्नी थांबली. तिथे याजकांशिवाय कुणी जात नसे. परक्याने अंगणाचा कठडा ओलांडला तरी त्याला मरण होतं.

"तू आत कसा गेलास?"



एलासाने सुरी म्यान केली. "शब्द मी दिलाय," तो हसून अजऱ्याला म्हणाला. "तू कुठे दिलायस?"

अजऱ्याने मोठा हातोडा उचलला. ठसा अजून अपुरा होता.

"पायऱ्या किती होत्या?"

"मोजता आल्या नाहीत रे, पोरा," म्हातारा म्हणाला. "सगळ्यांवर याजक मरून पडले होते. त्यांच्यावर पाय देतच आम्ही वर गेलो."

हातोडा खाली आला.

अजऱ्याच्या नाण्यावर पायऱ्या नाहीत.