दोघींचा पास

मागचं दार बंद झालं आणि पुढचं उघडलंच नाही. हेमा जागीच थांबली. डाव्या हातात वाट दाखवणाऱ्या माऊलीच्या पट्ट्याची मूठ, उजवा हात समोरच्या काचेवर. डोक्यावरून कुण्या बाईचा रेकॉर्ड केलेला गोड आवाज आला, “प्लीज, वन पर्सन ओन्ली.”

हिंजवडीत तेव्हा दर महिन्याला एक काचेची कंपनी उभी राहत होती, आणि आपल्याकडे चोरण्यासारखं काहीतरी आहे असं प्रत्येकीला वाटत होतं. म्हणून हे दोन दारांचं खोकं. एका वेळी एकच माणूस आत. जास्त असतील तर साहेबांनी हो म्हटल्याशिवाय वॉचमनने तेवढ्या आकड्याचं बटण दाबायचं नाही.

साडेदहाला परीक्षा होती. उशिरा येणाऱ्याला बसू देणार नव्हते. सॉफ्टवेअर तपासायची नोकरी. बोलणारा कॉम्प्युटर मिळाला की हेमा ते काम कुणाही डोळसापेक्षा चोख करायची, पण ते दाखवायला आधी आत पोचावं लागतं. तीन कंपन्यांनी तिला फाटकावरूनच परत पाठवलं होतं. तिथल्या एकाने तर, हेल्मेट ठेवून या म्हणावं तितक्या सहज सांगितलं होतं, “कुत्रीला पार्किंगमध्ये बांधून या.”

आज तिला राग आला होता तो वॉचमनचा. उत्तरेश्वर त्याचं नाव. खोक्याला लागूनच त्याची खिडकी. मघाशी त्याने पास दोनदा मोठ्याने वाचला, थोडा थांबला, म्हणाला, “या, दोघी या,” आणि मागून दार लोटलं. दोघी एकदम गेल्या की यंत्र अडतं, हे रोज दारावर बसणाऱ्याला ठाऊक नसेल?

खोक्यात उकडत होतं. माऊली धापा टाकू लागली. काचेपलीकडे माणसं जमली होती, मोबाइलवर फोटो काढल्याचे आवाज येत होते. हेमाला रडू येत होतं आणि त्या माणसांसमोर मुळीच रडायचं नव्हतं.

पुढच्या काचेपलीकडून कुणी बोलू लागलं तसा स्पीकर खरखरला. “मॅडम, मी श्रीनिवास, अॅडमिन मॅनेजर. हे ऑफिस आहे, कात्रजचं प्राणिसंग्रहालय नाही.”

“माहीत आहे. तिथे तिकीट काढलं की आत सोडतात.”

“कुत्री बाहेर राहील. तुम्ही एकट्या या. आमचा माणूस हात धरून नेईल.”

“आज नेईल. आणि नोकरी लागल्यावर रोज?”

श्रीनिवास पेन काढत खिडकीकडे वळला. “उत्तरेश्वर, मागचं दार उघड. बाहेर काढ यांना.”

“उघडत नाही साहेब. पास रद्द करावा लागतो.” उत्तरेश्वरने खिडकीतून कागद पुढे सरकवला. “हितं कारण, हितं तुमची सही. मंग ते वरच्या ऑफिसला जातं.”

“लिही, सोबत कुत्री आणल्यामुळे.”

“पण पास दोघींचाच हाय साहेब. हेमा आणि माऊली. खाली तुमची सही हाय.”

परवा फोनवर श्रीनिवासनेच विचारलं होतं, सोबत कोण येणार? हेमा म्हणाली होती, माऊली, तिच्याशिवाय मी कुठे जात नाही. असेल कुणी देवभोळी मावशी, असं समजून त्याने नाव लिहिलं, सही ठोकली, मावशींसाठी बिनसाखरेचा चहासुद्धा सांगून ठेवला. आता कारण काय लिहिणार? कुत्रीला बाई समजलो?

“तुम्ही सांगितलं नाहीत,” तो म्हणाला.

“तुम्ही नाव विचारलंत, मी सांगितलं. पाय किती ते विचारलं नाहीत.”

काचेपलीकडे कुणीतरी हसलं. हेमाच्या बोलक्या घड्याळाने दहा सत्तावीस झाल्याचं सांगितलं. श्रीनिवासने पेन परत खिशाला लावलं.

“दोन दाब,” तो म्हणाला.

पुढचं दार उघडलं.

पेपर चांगला गेला. सोमवारी दुसऱ्या फेरीला या, असं सांगितलं गेलं. दुपारी बाहेर पडल्यावर हेमा पास परत द्यायला खिडकीपाशी थांबली. सकाळचा राग अजून पुरता गेला नव्हता.

“दोघी एकदम गेलो की अडकणार, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

“व्हतं की.”

“मग मला बाहेरच का नाही थांबवलं?”

उत्तरेश्वरने पासवर शिक्का मारला. “ताई, दाराबाहेरच्याला साहेब नुसत्या तोंडानं परत लावतेत. आत अडकलेल्याला परत लावायला सही लागती.”