फवाऱ्याचा वास

मालवणच्या समुद्रात होडीजवळ देवमाशाने फवारा सोडला आणि सहलीला आलेल्या सबनीसांनी चष्मा पुसता पुसता नाक मुरडलं.

"कुजक्या मासळीचा वास येतोय. यांत्रिक देवमाशाला वास कसा?"

"पर्यटकांसाठी हे मासे सोडणाऱ्या कंपनीने यंदापासून वासही भरलाय, साहेब," होडी चालवणारी हेमांगी कुबल म्हणाली. "खरे आता इकडे येतात कुठे?"

खरा आलाय हे कळलं, तर उद्या किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या होड्या त्याच्या मागे लागतील, हे ती जाणून होती.

देवमासा होडीखालून सावकाश पलीकडे गेला. लाटांची खळखळ तेवढी ऐकू येत होती.

"यांत्रिक माशाला होडीचा पंखा लागला तर?" सबनीसांनी विचारलं.

"काही नाही. नवा मासा आणतात."

"मग तुम्ही इंजिन का बंद केलंत?"